तीस इंच वर, तीस इंच खाली

द्वारका, नाशिक
८ जानेवारी २०२४

तीर्थरूप तात्या,

नमस्कार. काल फोनवर आपण दोघेही एकाच वेळी बोलत होतो, त्यामुळे ऐकणारे कोणीच नव्हते. शेवटी तुम्ही म्हणालात, "ओरडू नकोस, लिहून पाठव. मी मास्तर माणूस आहे, लिहिलेले मला तपासता येते." म्हणून लिहिते आहे. आकृत्या सोबत जोडल्या आहेत. लाल शाईचे पेन जवळ घेऊनच बसा.

मातोरीच्या आपल्या झेंडूच्या मळ्यात आई आणि भारत-छायाच्या संसारासाठी घर बांधायचे आहे. सातबाऱ्यावर पहिले नाव तुमचे, कै. बाबांच्या थोरल्या भावाचे, म्हणून तुमच्या सहीशिवाय नकाशा पुढे सरकत नाही. जागा उताराची आहे. पूर्वेला रस्ता वर, पश्चिमेला ओहळ खाली, आणि घराच्या चाळीस फुटांच्या लांबीत जमीन पाच फूट उतरते. तुमचे म्हणणे, मुरूम भरून सगळे सपाट करा. माझे म्हणणे, उतार आहे तसा राहू द्या, घरच टप्प्याटप्प्याने उतरू द्या.

मुरूम का नको, ते आधी सांगते. पाच फुटांचा भराव पुरता दबायला दोन-तीन पावसाळे जातात, आणि तोवर वरची फरशी तडकत राहते. तो भराव धरायला पश्चिमेला जाड भिंत लागते. पावसाचे पाणी त्या भिंतीमागे साठते आणि वर्षानुवर्षे तिला ढकलत राहते. टप्प्यांच्या घरात पाण्याला वाट असते, त्यामुळे त्याला कोणाशी भांडावे लागत नाही.

आता आतली मांडणी. तात्या, इथे मला खरा आनंद आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहू द्या. वरच्या टप्प्यावर, रस्त्याच्या पातळीला, बैठक. तिच्या मागे तीस इंच खाली स्वयंपाकघर, त्याला उत्तरेकडून अंगणाचे दार. त्याच्याही मागे आणखी तीस इंच खाली फुले निवडायची जागा आणि बाजूला झोपायच्या खोल्या. प्रत्येक उतरणीला सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या आणि हाताला कठडा.

तीसच इंच का? स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तीस इंच असते. म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि बैठकीची जमीन एकाच पातळीत येतात. मध्ये भिंत नाही. बैठकीत गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे सत्तावीस इंचांवर असतात. आईची उंची पाच फूट एक इंच. ती उभी असताना तिचे डोळे सत्तावन्न इंचांवर. त्यातून तीस वजा करा. सत्तावीस! हे दोन आकडे जुळले तेव्हा मी ऑफिसात एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

हे सगळे मी का करते आहे, तेही लिहिते. तुम्ही घरी येता तेव्हा आई उठून दाराआड जाते. तुमचा चहा भारतच्या हाती येतो. तुम्हाला काही सांगायचे असले तर ती मला सांगते, मग मी तुम्हाला सांगते. चाळीस वर्षांत तिने तुमच्यासमोर बसून एक वाक्य उच्चारलेले मला आठवत नाही. नव्या घरात ती काम करतानाही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असावी, बसलेल्यांच्या बरोबरीने असावी, एवढी माझी इच्छा आहे.

तुमची,
योगिनी


कळवण
१९ जानेवारी २०२४

चि. योगिनी,

पत्र पोचले. आशीर्वाद नेहमी वर लिहितात, पण तुझे पत्र वाचून तो शेवटी ठेवायचे ठरवले आहे.

तुला समोच्च रेषा मी शिकवल्या. तू पाचवीत होतीस. बटाट्याच्या चकत्या कापून, एकावर एक रचून, डोंगर कसा कागदावर उतरतो ते दाखवले होते. तो बटाटा आज माझ्यावरच उलटेल असे वाटले नव्हते. मुरुमाविषयीचे तुझे म्हणणे मान्य. भूगोलाच्या माणसाला पाण्याचा जोर समजावून सांगावा लागत नाही.

परंतु घर म्हणजे केवळ पाणी नव्हे. पहिली गोष्ट, उतार पश्चिमेकडे आहे आणि तो शास्त्राला मान्य नाही. दुसरी, ज्या पातळीवर माणसे पाय पसरून बसणार, त्याच पातळीवर भाकरी थापायची? तुझे धाकटे काका हयात असते तर ताट उचलून अंगणात जाऊन जेवले असते. तिसरी, घरात आलेल्या पाहुण्याला आधी बैठक दिसावी, स्वयंपाकीण दिसू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. तू ती भिंतच काढून टाकतेस.

भारतच्या आईबद्दल तू जे लिहिलेस, त्याचे मला वाईट वाटले. मी त्यांना कधी दाराआड जा म्हणालेलो नाही. त्यांनीही कधी तक्रार केलेली नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्या समाधानी आहेत.

तुझ्या आकृतीत पायऱ्यांच्या खाली जे खण दाखवले आहेस, ते मात्र उत्तम. वीस पैकी बारा गुण, आणि आशीर्वाद.

तुझा,
गोटीराम तात्या


द्वारका, नाशिक
२ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप तात्या,

बारा गुणांवर मी समाधान मानणार नाही. म्हणून उत्तरपत्रिका पुन्हा सादर करते.

उतार पश्चिमेकडे आहे, कारण ओहळ पश्चिमेला आहे. तो आपल्या आधीपासून तिथे आहे. त्याला पूर्वेला जा असे सांगणारे शास्त्र मी शिकले नाही, आणि तुम्हीही शिकवले नाही.

भाकरीचा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दगडात आहे. बैठकीच्या जमिनीच्या कडेला दोन बोटे उंचीची दगडी कड येईल. धूळ, पाणी, पाकळ्या तिथेच अडतील. शेगडी आणि भाकरीची परात बाजूच्या भिंतीच्या ओट्यावर असतील. बैठकीला लागलेला ओटा फक्त ताट, कप ठेवायला. खालून ठेवायचे, वरून उचलायचे. कोणी वाकायचे नाही, कोणी ट्रे घेऊन दारातून यायचे नाही. शिवाय तुमच्या आईने जमिनीवर काटवट ठेवूनच जन्मभर भाकरी थापली; तेव्हा जमीन बाटली नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. ही भिंत मी बांधणार नाही. आजवर मी शहरात एकवीस घरांची आतली मांडणी केली. प्रत्येक घरात मला सोफा कुठे ठेवायचा, टीव्ही कुठे लावायचा हे सांगितले गेले. जिचा अर्धा दिवस ओट्यापाशी जातो तिने कुठे बघायचे, हे एकाही घरात कोणी सांगितले नाही. एकवीस वेळा मी भिंतीकडे तोंड केलेले ओटे काढले. बाविसावे घर माझ्या आईचे आहे. सही द्यायची नसेल तर तसे लिहा. मी दुसरी जागा शोधीन, पण हा नकाशा बदलणार नाही.

आई समाधानी आहे, असे तुम्ही लिहिता. दाराआडून दिसणारे समाधान तुम्ही कसे मोजलेत?

तुमची,
योगिनी


कळवण
१४ फेब्रुवारी २०२४

चि. योगिनी,

तुझ्या शेवटच्या वाक्याखाली मी दोन दिवस लाल रेघा ओढत होतो. तिसऱ्या दिवशी मालनबाई म्हणाली, "पोरगी तुमच्यासारखीच निघाली, आता कोणावर रागावता?" माझ्या पत्नीचा हा दोष आहे की ती बरोबर असताना फार थोडे बोलते.

सही देतो. भिंत नको, कबूल. मात्र दोन अटी आहेत. बैठकीत सोफा हवा. तालुक्याच्या गावाहून आलेल्या माणसाला तू गादीवर मांडी घालायला लावू नकोस. माझ्याच वयाचे गुडघे सगळीकडे आहेत. आणि फुले निवडायची जागा खालच्या टप्प्यावरच राहील. ओल्या फुलांचा ढीग, कुजका पाला, घोंघावणाऱ्या माश्या हे पाहुण्याच्या नजरेस पडता कामा नये. तुझ्याच नकाशात ती खाली आहे, तेव्हा यावर वाद होऊ नये.

पायापूजनाला मी येतो.

तात्या


द्वारका, नाशिक
१२ मार्च २०२४

तीर्थरूप तात्या,

दोन्ही अटी मान्य करूनच पूजन झाले, तरी लेखी नोंद असावी. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे वर जातात आणि माझे सत्तावीस इंचांचे गणित मोडते. तरीही मान्य, कारण सही हवी होती. निवडणीच्या जागेबद्दल तर आपले एकमतच आहे. मळा खाली, म्हणून फुले खाली निवडायची आणि निवडलेला माल वर टेम्पोपर्यंत न्यायचा, हा क्रम मला सरळ वाटतो. एकमत झालेला आपल्या दोघांचा हा पहिलाच मुद्दा असल्यामुळे मी तो वहीत तारखेसह लिहून ठेवला.

परवाचा दिवस फार छान गेला. तुम्ही सावलीत खुर्चीवर होतात, म्हणून खाली काय चालले होते ते कळवते. बैठक आणि निवडणीची जागा या दोन्ही खोल्या मापाने अगदी सारख्या आहेत, चौदा बाय अठरा. गोंधळ होऊ नये म्हणून मी खुंट्यांना रंगीत कापड बांधले. लाल म्हणजे बैठक: सपाट जमीन, गुळगुळीत फरशी. पांढरे म्हणजे स्वयंपाकघर. पिवळे म्हणजे निवडणीची जागा: जमिनीला ढाळ, कोपऱ्यात नाली, पाण्याचा नळ, शहाबादी फरशी. नकाशा चार वेळा बदलल्यामुळे केरू मिस्त्रीला मी बजावले, "नकाशा बघू नका, कापड बघा."

केरू म्हणाला, "ताई, तुमी कापडाचं दुकान टाका. घर मी बांधतो."

आई हातात विळा घेऊन उभी होती. तिने दोनच प्रश्न विचारले.

"पिवळं काय गं?"

"फुलं निवडायची जागा, आई. तुझी."

"आणि वरचं लाल?"

"बैठक. सोफा वगैरे."

"बरं," म्हणाली, आणि फुलांकडे गेली. तिच्या त्या 'बरं'मध्ये मला जे समाधान ऐकू आले, त्यासाठी ही सगळी पत्रे लिहिली असे समजा.

तुमची,
योगिनी


कळवण
२४ एप्रिल २०२४

योगिनी,

तुझ्या नावाआधी चि. लिहिण्याची माझी आज इच्छा नाही.

काल नाशिकला कामासाठी आलो होतो. परतताना कोणालाही न सांगता मळ्यात उतरलो. घराचे काम जोत्यापर्यंत आले आहे. रस्त्याला लागून असलेल्या वरच्या टप्प्यावर, म्हणजे जिथे बैठक ठरली होती तिथे, जमिनीला ढाळ दिलेला आहे, कोपऱ्यात नाली आहे आणि नळाची जोडणी बाहेर आलेली आहे. अगदी खालच्या टप्प्यावर, ओहळाकडे तोंड करून, सपाट, गुळगुळीत फरशीसाठी तयार केलेला कोबा आहे. म्हणजे घरात शिरणारा पाहुणा पहिले पाऊल नालीशेजारी टाकील, झेंडूच्या ढिगाऱ्याला वळसा घालून दहा पायऱ्या उतरेल आणि मग सोफ्यावर बसेल.

समोर भांडलीस, ते मला आवडले होते. पाठीमागून केलेस, हे आवडले नाही. अटी मान्य केल्याचे तू स्वतःच्या हाताने लिहिले आहेस; ते पत्र माझ्यासमोर आहे. सही मिळाल्यावर नकाशा उलटा करणे याला मी विद्यार्थ्याची बंडखोरी म्हणणार नाही. कॉपी म्हणेन.

बदललेल्या नकाशावर माझी सही मिळणार नाही.

गोटीराम


द्वारका, नाशिक
२९ एप्रिल २०२४

तीर्थरूप तात्या,

मी हे केलेले नाही.

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मळ्यात गेले. महिनाभर एका हॉटेलच्या कामासाठी मी पुण्यात होते आणि केरूकडून फक्त फोनवर "काम चालू हाय" ऐकत होते. ती चूक माझी. बाकी तुम्ही लिहिलेत ते शब्दशः खरे आहे. केरूला विचारले, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, तुमीच म्हणल्या नकाशा बघू नका, कापड बघा. वर पिवळं व्हतं. म्हणून वर नाली काढली. खाली लाल व्हतं. मी काय रंगांधळा हाय का?"

आणि खरोखरच, तात्या, वर पिवळे कापड आहे. मी जिथे लाल बांधले तिथे पिवळे, आणि जिथे पिवळे बांधले तिथे लाल. आठच्या आठ खुंट्या. वाऱ्याने कापड उडते, पण गाठ मारून जागा बदलत नाही.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून रागावू नका, किंवा रागवा. पूजनाच्या दिवशी रंग बरोबर होते, मी स्वतः पाहिले. केरूने दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केले तेव्हा ते बदललेले होते. मी चारलाच निघाले. त्यानंतर तिथे आई, भारत, छाया आणि तुम्ही एवढेच होतात. टप्प्यांचे घर चालत नाही, गोंधळ होतो, हे सिद्ध व्हावे असे घरातल्या एकाच माणसाला वाटत होते. मी आरोप करत नाही. नकाशाच्या समासात प्रश्नचिन्ह काढते आहे, तुम्ही काढता तसे.

कोणीही केलेले असो, दुरुस्ती माझी जबाबदारी आहे. सोमवारी, सहा मेला, केरू घण घेऊन येईल आणि वरचा कोबा फोडेल. नाली बुजवू, बैठक पूर्ववत वर आणू. यावर तरी तुमचे माझे एकमत आहे, असे धरते.

तुमची,
योगिनी


मातोरी
८ मे २०२४

तात्यांना नवसाबाईचा नमस्कार.

तुमच्याशी कधी समोर बोलले नाही म्हणून लिवते. अक्षर माझंच हाय, चौथी झाले मी. छायानं फक्त पाकिटावर पत्ता लिवला.

कापडं मी बदलली. पोरीवर राग धरू नका आणि पोरीनं तुमच्यावर धरू नये. योगिनी गेल्यावर तुमी सगळे जेवायला बसला व्हता तवा मी आठ गाठी सोडल्या आणि आठ बांधल्या. फुलांच्या जुड्या बांधणाऱ्या बाईला किती वेळ लागतो.

तुमची पत्रं योगिनी मला वाचून दाखवायची. तुमची पण आणि तिची पण. लय चांगली लिवता तुमी दोघं. सगळं माझ्याबद्दलच व्हतं. माझे डोळे किती इंचावर हायत, मी खूश हाय का नाय, मला काय दिसावं. दोन महिने मी वाट पाहिली. मला वाटलं आता कोणीतरी विचारल, नवसाबाई तुला कुठं बसायचंय. नाय विचारलं. मग मी माझं बांधून घेतलं.

मी या मळ्यात आले तवापासून खाली ओहळाशी बसून फुलं निवडते. टेम्पो वर रस्त्याला उभा राहतो. हॉर्न वाजला की पाट्या उचलायच्या आणि चढायचं. निवडलेलं फूल परत चढवलं की चुरगळतं. न निवडलेलं चढवलं तर काय बिघडत नाय, ते देठासकट असतं, ढिगात असतं. हे योगिनीला ठाऊक नाय कारण तिला आमी शाळेत घातली. आणि मी वर पोचेस्तोवर माझ्या फुलांचं बोलणं दुसऱ्यानंच केलेलं असतं. हा माल बारीक, हा ओला. मी धापा टाकत उभी. मला वर बसायचंय. टेम्पोवाला खाली उतरून माझ्याशी बोलल.

दुसरं. योगिनीचा हिशेब खरा हाय, ओटा आणि जमीन एक होते ते मला लय आवडलं. पण त्यात ती म्हणती आई खाली उभी राहील आणि तिचे डोळे बसलेल्यांच्या डोळ्यांना लागतील. मी तिला काय बोलले नाय. पण उभी मीच का. मी बसणार. फुलं निवडता निवडता मागं हात केला की कप हाताला लागला पाहिजे. खाली कोणी उभं राहायचं ते तुमचं तुमी ठरवा. भारतला चहा येत नाय. शिकंल.

सोफा खालीच ठेवा. तिथं गार असतं. गुडघ्यांचं म्हणाल तर योगिनीनं कठडा चांगला दिलाय.

सोमवारी केरू घण घेऊन आला. मी आधीच बारदान टाकून वरच्या जमिनीवर बसले व्हते, आखाजीच्या सणाची फुलं घेऊन. सहा पाट्या. केरू म्हणाला, "मावशी, उठा, फोडायचंय." मी म्हणले, "फोड की. माझ्या बाजूनं सुरू कर." तो बिडी पिऊन गेला. भारत आला, म्हणाला, "आई, तात्या काय म्हणतील?" मी म्हणले, "त्यांना पत्र लिवता येतं." योगिनी दुपारी आली. चपला काढल्या आणि माझ्याशेजारी बसून देठं खुडायला लागली. लय वाईट खुडते. तिला येत नाय.

मंगळवारी पण बसले. आज पण हाय. इथूनच लिवते.

तुमची सही तुमच्याजवळ हाय, माझी जागा माझ्याजवळ हाय. तुमी आलात तर मी उठणार नाय. रागानं नाय. मांडीवर फुलं असत्यात.

नवसाबाई


द्वारका, नाशिक
१२ मे २०२४

तीर्थरूप तात्या,

आईने पत्र टाकल्याचे मला दोन दिवसांनी सांगितले. मी ते वाचलेले नाही, वाचायला मागितलेही नाही. समासातले प्रश्नचिन्ह मात्र मी खोडते. तुमची क्षमा मागते.

सोबत सुधारित नकाशा आहे. वर निवडणीची जागा, मध्ये स्वयंपाकघर, खाली बैठक. एक मोठी खिडकी रस्त्याकडे, तिची खालची कड जमिनीपासून फक्त बारा इंचांवर, म्हणजे बसलेल्या माणसाला नुसते आकाश नव्हे तर टेम्पोवाल्याचे तोंड दिसेल. पाकळ्या आणि पाला नालीच्या जाळीवर अडेल आणि घसरणीवरून थेट खतखड्ड्यात जाईल. उताराचा असा उपयोग माझ्या नकाशात नव्हता. पाहुण्यांसाठी उत्तरेच्या अंगणातून वेगळी वाट काढली आहे, ज्यांना फुलांच्या शेजारून जायचे नसेल त्यांच्यासाठी. मला वाटते, ती फारशी वापरली जाणार नाही.

एकवीस घरांत मला कोणी सांगितले नाही, असे मी तुम्हाला ताठ्याने लिहिले होते. बाविसाव्या घरात मी विचारले नाही.

केरूला मी परत पाठवले आहे. तुम्ही सही केलीत तर काम सुरू होईल. नाही केलीत तर काम थांबेल, पण कोबा फुटणार नाही. हे तुम्हाला धमकी वाटले तरी हरकत नाही.

तुमची,
योगिनी


कळवण
२० मे २०२४

श्रीमती नवसाबाई यांस,

नमस्कार. आजवर मी तुम्हाला भारतची आई म्हणत आलो. पाकिटावर तसे लिहून पाहिले; पोस्टमनला पत्ता लागला असता, पण पत्र तुमचे आहे, भारतचे नव्हे.

तुमचे पत्र उघडताना सवयीने लाल पेन उचलले होते. पहिल्या पानानंतर ते टोपण लावून ठेवून दिले. छत्तीस वर्षे मी वर्गात विचारले, "कोणाला काही शंका?" आणि हात वर झाला नाही की समजलेच असे धरून पुढचा धडा घेतला. किती जणांना समजले होते, कोण जाणे.

सुधारित नकाशावर सही करून योगिनीकडे पाठवली आहे. त्यात फक्त एक दुरुस्ती केली. वरच्या टप्प्यावर तिने 'निवडणीची जागा' लिहिले होते. ते खोडून 'नवसाबाईंची बैठक' असे लिहिले. खालच्या टप्प्यावर 'पाहुण्यांची बैठक'. दोन्हींना दोन नावे असली की केरूला कापड लागणार नाही.

मला चहा येत नाही, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. मालनबाई म्हणते, सत्तराव्या वर्षी शिकायला हरकत नाही, पण पहिला कप ती पिणार नाही.

दसऱ्यापर्यंत घरावर छप्पर येईल असे योगिनी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी येईन म्हणतो. त्या दिवशी तुमच्या मांडीवर वर्षातला सर्वांत जास्त झेंडू असेल, म्हणजे तुम्ही उठणार नाही हे नक्की. पाहुण्यांसाठी काढलेली अंगणातली वाट योगिनीने दाखवली आहे. मी त्याच वाटेने येईन, पण खाली सोफ्याकडे न उतरता स्वयंपाकघरातच थांबेन, ओट्यापाशी. तिथून तुमच्याशी बोलेन.

हे मी हिशेब करून लिहितो आहे. काल मालनबाईने मला दाराच्या चौकटीला उभे केले आणि पेन्सिलीने खूण केली. "जन्मभर पोरांची उंची मोजली, आज स्वतःची मोजा," म्हणाली. वयाने वाकून मी आता पाच फूट दोन इंच उरलो आहे. उभा असताना माझे डोळे अठ्ठावन्न इंचांवर येतात. स्वयंपाकघर तीस इंच खाली. तीस वजा केले की अठ्ठावीस. बसलेल्या माणसाचे डोळे सत्तावीस इंचांवर असतात, असे योगिनीच्या पहिल्या पत्रात आहे.

एक इंच जास्त होतो. तेवढी मान मी खाली घालीन.

गोटीराम